दुधात पडलेली मांजर

पालकसभेच्या आत तिसरीचा वर्ग चार ओळी लिहू लागला नाही, तर तुम्हाला पहिलीत पाठवीन, असं मोठ्या बाईंनी मास्तरांना बजावलं होतं. तेव्हा मास्तरांनी स्टोरीबोर्डचा घाट घातला. फळ्यावर सहा चौकटी, चौकटीत चित्रं. मुलांनी ती वाचायची आणि गोष्ट लिहायची. अडचण एवढीच, की मास्तरांचा आणि चित्रकलेचा छत्तीसचा आकडा. (लहानपणी त्यांचा घोडा परीक्षकांनी टेबल समजून पास केला होता.)

गोष्ट त्यांनी सोपी निवडली. मांजर दुधाच्या पातेल्यात पडते. घरधनीण तिला मानगुटीला धरून बाहेर काढते, पुसते आणि कोपऱ्यात बसवते. घरधनीण काढताना डोळ्यांसमोर आपसूक बायकोच आली: अंबाडा, चष्मा, कमरेवर हात. मांजर मात्र काही केल्या जमेना. चार पाय मावेनात म्हणून दोनच काढले, शेपूट राहून गेलं. मिशा तेवढ्या झकास साधल्या.

वर्गात आधी खसखस पिकली, मग पोरं माना खाली घालून लिहीतच सुटली. वर्षभर नावापलीकडे अक्षर न लिहिलेली शेवटच्या बाकावरची मौनीबाईसुद्धा पान उलटून लिहीत होती. मास्तरांना भरून आलं. त्या भरात त्यांनी वह्या न वाचताच पालकसभेत मांडल्या आणि बायकोलाही आग्रहाने बोलावलं.

सभेत मोठ्या बाईंनी मौनीबाईलाच वाचायला उभं केलं. तिचा आवाज आईखेरीज कुणी फारसा ऐकलेला नव्हता.

"आमचे सर दुधात पडले," तिने खणखणीत सुरुवात केली. "मग सरांच्या बायकोने त्यांना मानगूट धरून काढलं."

मास्तरांचा हात नकळत आपल्या मिशांवर गेला. ती मांजर आहे, असं त्यांनी घाईघाईने सांगून पाहिलं.

"पण सर, मांजरीला दोनच पाय कसे?" तिने अदबीने विचारलं.

मौनीबाईची आई डोळे पुसत हसत होती. मोठ्या बाईंनी मास्तरांची तिसरी तिथल्या तिथे कायम केली. बायको मात्र लाल पेन घेऊन एकतीसच्या एकतीस वह्या शांतपणे वाचत बसली होती. प्रत्येक वहीत मास्तर दुधात.

वाचून झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं.

"शुद्धलेखनाच्या थोड्या चुका आहेत," ती म्हणाली. "बाकी मजकूर बरोबर आहे."