बारा किलो हवा

मुलीचं रसायनशास्त्राचं गणित आपण सोडवून द्यावं, असं मला एका रविवारी वाटलं. वाटायला नको होतं. मी पाणीपट्टी कार्यालयातला कारकून. रसायनांशी माझा संबंध चहा-साखरेपुरता. पण दहावीतली मुलगी पेन्सिल चावत बसली होती आणि बायको आतून म्हणाली होती, "बाप आहात, कधीतरी उपयोगी पडा." म्हणून पडलो.

गणित असं होतं : एकशे बारा ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं, तर किती ग्रॅम गंज तयार होईल?

"कमीच होणार," मी म्हणालो. "गंज म्हणजे झीज."

"एकशे साठ ग्रॅम होतो, बाबा."

"वाढतो? तो कसा काय?"

"हवेतला ऑक्सिजन लोखंडाला येऊन मिळतो, त्याचं वजन. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं वस्तुमान सारखंच असतं. काही नाहीसं होत नाही, काही आपोआप येत नाही. इकडचं तिकडे जातं, एवढंच."

मी सावकाश मान वळवली आणि गॅलरीत पाहिलं. तिथे माझी व्यायामाची सायकल उभी होती. (घेतल्यापासून तिच्यावर टॉवेलच जास्त बसले.) पुस्तिकेत तिचं वजन अठ्ठावीस किलो दिलं होतं. मुलीच्या हिशेबाने पूर्ण गंजल्यावर ती चाळीस भरणार होती. भंगारवाला वजनावर घेतो. म्हणजे बारा किलो निव्वळ हवा मी त्याच्या गळ्यात मारणार होतो, आणि तीसुद्धा शास्त्राच्या आधाराने.

अडचण एकच होती. गॅलरीचा तो कोपरा बायकोला हवा होता. तिचं शिलाई मशीन न्हाणीघराच्या दाराशी, बोळकंडीत. दिवसभर दिवा लावून शिवायचं आणि आम्ही कपडे ओलांडत जायचं. गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर माझा ओला पाय एकदा उमटला, तेव्हा ती नुसती डोळे चोळत बसली. मला खरंच वाईट वाटलं होतं. कोपरा तिला द्यायचाच होता. फक्त सायकल पिकल्यावर.

"या रविवारी भंगारवाल्याला बोलावते," ती म्हणाली.

"इतक्यात नको. ती अजून तयार नाही."

"कशाला तयार नाही?"

"भंगारात जायला."

"पोरीची परीक्षा संपेपर्यंत थांबते. त्यानंतर एक तर सायकल जाईल, नाहीतर तुम्ही."

मी कामाला लागलो. सकाळचं फिरणं बंद केलं, कारण ती वेळ सायकलला मिठाचं पाणी मारायची होती. पाणी मारून झालं की समोर खुर्ची टाकून चहा-बिस्किटं घेत गंजावर लक्ष ठेवायचं. दर रविवारी वजन. आमचं वजनाचं मशीन पावलांपुरतं, त्यावर सायकल राहीना. म्हणून मी तिला कवेत घेऊन उभा राहायचो, मुलगी आकडा वाचायची आणि त्यातून मी माझे बहात्तर वजा करायचो.

पहिल्या रविवारी शंभर. वजा बहात्तर, अठ्ठावीस. पुस्तिकेला धरून!

पुढे एकशे एक झाले, मग एकशे तीन. शास्त्र कामाला लागलं होतं. दर वाढीला मी बेकरीतून केक आणला. (बायको आणि मुलगी एकेक तुकडा घेत. उरलेला टाकवत नसे.)

"बाबा, तुमचे बहात्तर कधीचे?" मुलीने एकदा विचारलं.

"ऑफिसच्या तपासणीतले. माणसाचं वजन म्हणजे काय हवामान आहे, रोज बदलायला?"

त्याच सुमारास धुलाईवाल्याशी माझं वाजलं. माझ्या सगळ्या पँटी त्याने आटवल्या होत्या.

मग खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. हातात त्यांचा पांढरा कोट, त्यावर लाल शिंतोडे.

"तुमच्या गॅलरीतून गळतंय. पेशंट खुर्चीत बसतो, हा कोट बघतो आणि उठून जातो."

"ते रक्त नाही, आयर्न ऑक्साइड आहे, असं सांगा."

"सांगेपर्यंत तो जिना उतरलेला असतो."

मी माफी मागितली. पण मनातून हळहळ वाटली. त्या कोटावर माझा माल होता आणि तो मागता येत नव्हता.

परीक्षा संपली. शेवटच्या मोजणीला आकडा आला एकशे सहा. वजा बहात्तर, चौतीस! चाळीस झाले नव्हते, पण सहा किलो हवासुद्धा कोण फुकट देतं? मी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं. बायको दारात उभी राहिली. तिने बोळकंडीतलं मशीन आधीच पुसून ठेवलं होतं.

भंगारवाल्याने सायकल काट्यावर ठेवली. ठेवताना तिच्यातून चिमूटभर लाल भुगा फरशीवर सांडला.

"सव्वीस," तो म्हणाला.

"चौतीस," मी म्हणालो.

"साहेब, काटा समोर आहे."

"काटा खोटा आहे! सायकल उतरव. माझं वजन बहात्तर आहे, आता तुझा काटा काय म्हणतो ते बघूच."

मी काट्यावर चढलो.

"ऐंशी," भंगारवाला म्हणाला.

मी श्वास सोडून पाहिला. ऐंशीच.

मुलीने बोटांवर काहीतरी मोजलं. "ऐंशी आणि सव्वीस, एकशे सहा. बरोबर आहे, बाबा. सायकलचे दोन किलो खाली डॉक्टरांकडे गेले, आणि आठ किलो..." ती थांबली. सुसंस्कृत मुलगी आहे.

"केक," बायको म्हणाली. "इकडचं तिकडे जातं, एवढंच."

भंगारवाला सव्वीस किलो लोखंड घेऊन गेला. आम्ही तिघांनी मिळून शिलाई मशीन गॅलरीत आणलं. दुपारचं ऊन थेट सुईवर पडत होतं. बायकोने खुर्ची ओढली, सुईत दोरा एका झटक्यात ओवला आणि हसली. इतके दिवस अडवून धरलेला कोपरा तिला मिळाल्याचा मलाही मनापासून आनंद झाला.

"मग? नव्या जागी पहिलं काम कोणाचं?" मी कौतुकाने विचारलं.

"तुमचंच," ती म्हणाली. "सगळ्या पँटी आणा. कमरेत उसवायच्यात."