दाराबाहेरचा धाकटा

मावशी दुपारी यायची होती, आणि सकाळीच धाकट्याच्या डोक्यात आलं, की तिच्याआधी आपणच दादाची परीक्षा घेऊन टाकावी. (धाकट्याच्या डोक्यात आलेली गोष्ट डोक्यात कधी मुक्काम करत नसे, थेट हातापायांत उतरे. शाळाही अशीच सुटली होती.)

घरात हे दोघंच भाऊ. दादा वयानं मोठा, पण त्याच्या डोक्यात कुठलीही गोष्ट शिरायला फार वेळ लागायचा. मात्र एकदा शिरली, की जुन्या भाडेकरूसारखी हलायचं नाव काढत नसे. आईनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याची बटणं ती लावायची, त्याचा चहा ती ओतायची. संध्याकाळी इस्त्रीच्या दुकानातून परत आली, की बाहेरून हाक मारायची, "उघड रे राजा, हात भरलेत!" दादा धावत जाऊन दार उघडायचा. तेवढं एक काम त्याचं.

आई गेली. दादा अजून संध्याकाळी दाराजवळ जाऊन बसायचा. धाकट्याला ते बघवायचं नाही. मग तो उगाच बाहेर जाऊन स्वच्छ असलेली मोटरसायकल पुन्हा पुसायचा.

त्यातच कुकरचं प्रकरण झालं. धाकटा गॅरेजात असताना कुणी अनोळखी माणूस दारात आला आणि म्हणाला, "कुकर द्या." दादानं दिला. माणूस कोपऱ्यावर पोचला असेल, तेवढ्यात दादाच्या लक्षात आलं की शिट्टी घरातच राहिली. तो बिचारा ती द्यायला अनवाणी धावला!

मावशीच्या कानावर हे गेलं आणि तिनं निकाल दिला. "बाळाला मी माझ्याकडे नेते. तू दिवसभर टायरं काढत बसणार. उद्या कुणी म्हणालं, घर द्या, तर हा किल्ली देऊन वर जिना दाखवेल."

दादा गेला तर घरात धाकटा आणि भिंती.  धाकट्यानं धावपळ करून दादासारख्यांसाठीच्या एका केंद्रातून शिकवणाऱ्या ताईंना घरी आणलं. ताई दादाला एकेक काम सुटं करून शिकवत. आधी हे, मग हे, घाई नाही. दादा शिकत होता. अडचण धाकट्याची होती. दादाचं बटण जरा अडलं, की याचे हात पुढे.

"हात मागे बांधा," ताई म्हणायच्या. "तुमच्या दादाला शिकवणं सोपं आहे हो. तुम्हाला आवरायलाच मला जास्त पगार मिळायला हवा."

दाराचा धडा सगळ्यात लांबला. दार वाजलं की भोकातून बघायचं. कोण म्हणून विचारायचं. ओळखीचं नसेल तर उघडायचं नाही. ओळखीचा म्हणवतो पण चेहरा दिसत नाही, तर फक्त घरातल्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं. खिडकीशी कुणी आलं तर ताट बडवायचं.

तर मावशी दादाला पारखून मग काय ते ठरवणार होती, त्या सकाळी धाकटा "कामाला जातो" म्हणून बाहेर पडला. गॅरेजात एका गिऱ्हाईकाचं विसरलेलं काळ्या काचेचं हेल्मेट पडलं होतं. ते डोक्यात घालून तो परत आला. पट्टा टक्कन बसला. काच खाली ओढली, ती खालीच अडकली. त्यानं दार ठोठावलं.

"कोण?"

"कुरिअर!" धाकट्यानं घोगरा आवाज काढला. "दार उघडा, सही करा."

भोकापलीकडे डोळा आला. बराच वेळ राहिला.

"ओळखीचा नाहीस. माझा भाऊ आला की ये."

धाकट्याला इतका आनंद झाला, की तो दारातच नाचला. "शाब्बास रे दादा! अरे मीच आहे, उघड!"

"मीच म्हणजे कोण?"

"धाकटा!"

"धाकटा हेल्मेट घालत नाही. ताई ओरडतात त्याला."

धाकट्यानं पट्टा ओढला, काच ओढली, शेवटी डोकंच ओढलं. काही हलेना.

"धाकट्याकडे किल्ली असते," आतून आवाज आला.

"ती आत खिळ्यावर राहिली रे!"

पावलं आत गेली, परत आली. "आहे खिळ्यावर. म्हणजे तू सगळं बघून ठेवलंयस."

यापुढे शहाणा माणूस पायरीवर बसला असता. धाकटा मागच्या खिडकीकडे गेला. गजांतून हात घातला मात्र, आत ताटाचा असा दणदणाट सुरू झाला की शेजारच्या शिंपीणबाई हातातला कापड मोजायचा लाकडी गज घेऊनच धावल्या. त्यांनी दोन हाणले. दुपारी येणारी मावशी नेहमीप्रमाणे तासभर आधीच उगवली, आणि तिनं पिशवीनं तीन हाणले. (हेल्मेट वापरण्याचे फायदे धाकट्याला त्या दिवशी पटले.)

"मावशी, मी आहे गं!"

मावशीनं आवाज ओळखला. तरी आणखी एक हाणलाच, कारण पिशवी वर गेलेली होती.

मग सगळी वरात पुढच्या दाराशी आली. "बाळ, उघड," मावशी म्हणाली. "हा आपला धाकटाच आहे."

"मावशी, तू फसशील. चेहरा दिसत नाही ना त्याचा. थांब, मी विचारतो." दादा दाराला चिकटून उभा राहिला असावा, इतका आवाज जवळून आला. "आई बाहेरून काय म्हणायची?"

  आई गेल्यापासून ते शब्द धाकट्यानं एकदाही तोंडात घेतले नव्हते. हेल्मेटाच्या आत अंधार होता, त्याचा त्याला पहिल्यांदाच आधार वाटला.

"उघड रे राजा," तो म्हणाला. हेल्मेट दाराला टेकवलं. पुन्हा म्हणाला, "उघड रे राजा, हात भरलेत."

लॅच सरकला. दादा दारात उभा होता. त्यानं धाकट्याचे दोन्ही हात धरून उलटसुलट बघितले.

"रिकामे आहेत."

"हो."

"आईचे पण पुष्कळदा रिकामेच असायचे," दादा म्हणाला. "मला ठाऊक होतं."

शिंपीणबाई आपला गज निरखत बसल्या. मावशीला एकाएकी पिशवीत काहीतरी शोधायचं निघालं.

दादानं धाकट्याला स्टुलावर बसवलं. "आधी बक्कल. मग हनुवटी. मग वर. घाई नाही." हेल्मेट निघालं. आतलं तोंड बघून दादानं स्वतःच्या बाहीनं ते पुसलं. मग चहा ठेवला. पातेलं जरासं कलंडलं तसे धाकट्याचे हात पुढे गेले.

"हात मागे!" मावशी गरजली. चहा सांडला नाही. साखर मात्र विसरला होता, पण मावशीनं पूर्ण कप संपवला. "बाळ इथंच राहू दे," ती उठताना म्हणाली. "दाराची मला काळजी नाही. दाराबाहेर जो असतो, त्याची आहे."

दुसऱ्या दिवशी धाकटा कामाला निघाला, तेव्हा दादानं किल्ली दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घातली आणि शर्टाच्या आत सारली. गाठ त्यानंच मारली होती. इतकी पक्की, की सुटेचना.

संध्याकाळी धाकटा परत आला. किल्ली गळ्यात होती, तरी त्यानं दार वाजवलं. "उघड रे राजा, हात भरलेत!"

"किल्ली आहे तुझ्याकडे," आतून दादा म्हणाला. "तुझं तू उघड. मी हात मागे बांधलेत."

दोरी आखूड होती. कुलपापर्यंत किल्ली पोचायला धाकट्याला मान पार खाली घालावी लागली, इतकी की नाक दाराला टेकलं. किल्ली दोनदा उलटी लागली. शेजारच्या शिंपीणबाई मशीन थांबवून बघत होत्या.

"घाई नाही," दाराच्या पलीकडून दादा समजावत होता. "आधी आत घाल. मग फिरव. जमेल तुला."