शुक्राणूची बांधाबांध

न पाठवलेल्या उत्तराइतकं निर्दोष लेखन दुसरं नसतं. म्हणूनच भाचेसुनेच्या पत्राला मी बरेच महिने उत्तर दिलं नाही. तिने लिहिलं होतं, "मामा, मूल होत नाही म्हणून सासूबाई मलाच बोलतात. ह्यांच्या तपासणीत 'प्रोटामाइन कमी' असं आलंय. सासूबाईंना पटेल असं लिहाल?"

मी जन्मभर शुक्राणूंचा अभ्यास केला. पण तिची सासू म्हणजे माझी अक्का, आणि अक्काचा अभ्यास कोणालाच झेपलेला नाही.

शुक्राणू हे आदर्श खातं आहे. सुरुवातीला तिथे हिस्टोन नावाची प्रथिनं नोकरीला असतात. डीएनएचा धागा रिळांवर गुंडाळायचा आणि मागेल त्याला उलगडून दाखवायचा, एवढंच त्यांचं काम. (मागितल्यावर काही दाखवणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.) मग प्रवासाचा हुकूम निघतो आणि हिस्टोनांना नारळ मिळतो. थोडे खुर्ची सोडत नाहीत. असे सगळीकडेच असतात. मधल्या काळात हंगामी प्रथिनं येतात, आणि ती कायम होण्याची स्वप्नं बघू लागतात तोच प्रोटामाइन रुजू होतं. त्याची पात्रता एकच: गच्च भरलेल्या पेटीवर बसणं. धागा असा दाबून बसवतात की आतलं अक्षर वाचता येत नाही. वर गंधकाच्या कड्या. कामकाज पूर्ण ठप्प. खातं आता कार्यक्षम झालं असं समजतात.

बसणारे कमी पडले, तर धागा वाटेत खराब होतो.

इतकं सोपं होतं. पण गेल्या आठवड्यात अक्काचाच फोन आला.

"काय रे पुस्तकातल्या किड्या, सुनेने तुला पत्र धाडलंय म्हणे?"

"हो. म्हणजे... बांधाबांधीबद्दल आहे."

"तिला काय कळतंय बांधाबांधीतलं! परवा बॅग नुसती चेन ओढून बंद केली. मी पेटीवर स्वतः बसते, तुझ्या भावोजींना बसवते, तेव्हा कुठे घडी टिकते."

"अक्का, तेच झालंय. पण तिच्या बॅगेत नाही. तुझ्या मुलाच्या पेटीत."

एवढं बोलून मी फोन ठेवून दिला. (शौर्यालाही हद्द असते.)

मग उत्तर लिहावंच लागलं. "अक्का, सुनेचा यात काडीचाही दोष नाही. पेटीवर बसणारे तुझ्या चिरंजीवांकडे कमी आहेत. उपाय डॉक्टरांना विचारायचा, टोमणे हा उपाय नाही. आणि बांधणी कितीही थोर असली तरी बीजांडात पोचताच तिथली मंडळी कड्या काढतात, प्रोटामाइनांना हाकलतात आणि धागा स्वतःच्या हिस्टोनांवर नव्याने गुंडाळतात. भावोजींच्या सामानाचं तू हेच केलंस, म्हणून तर तुला मुलगा झाला."

वाचकहो, हसू नका. तुम्ही वडिलांचं नाक मिरवता, त्यांचं आडनाव लावता. पण तुमच्याही घराण्याचं सामान एका सुनेने, कोणाला न विचारता, सगळं बाहेर काढून आपल्या पद्धतीने लावलं. त्या मांडामांडीला तुम्ही 'मी' म्हणता.

आज पत्र टाकायला गेलो. पाकीट फुगलेलं, टपालपेटीच्या फटीत शिरेना. इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं अंग टाकून दाबलं.

शेवटी अक्काचाच भाऊ.