तो हलेचना!

पक्षी ओळखण्यात शाळेत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी मंगळवारी भर वर्गात जाहीर करून टाकलं!

"सर, रोपांच्या नर्सरीतल्या तळ्यावर मोठा पक्षी आलाय. राखाडी, लांब तंगड्यांचा. करकोचाच तो!"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "की राखी बगळा? उडताना मान लांब ताणली तर करकोचा, दुमडली तर बगळा. पाचला सगळे येतो. बरोबर निघालीस तर पक्षीमंडळाची प्रमुख तू!"

शाळा सुटल्या सुटल्या मी दादाला ओढत तळ्यावर नेलं. पक्षी काठाशी पाण्यात उभा. आम्ही झुडपामागे बसलो. चार वाजले. पक्षी उभाच! साडेचार. माझ्या पायाला मुंग्या आल्या, त्याच्या नाही!

"अगं ए शहाणे," दादा कुजबुजला, "हा प्लास्टिकचा आहे."

"काहीतरीच!"

"नर्सरीवाले काका मासे राखायला खोटे पक्षी लावतात. मग खरे फिरकत नाहीत. एकदा तरी पापणी लवली का त्याची?"

झालं! मनात पाल चुकचुकली. आता मला सगळंच खोटं दिसायला लागलं. पाय जरा जास्तच सरळ. रंग थेट शाळेच्या लोखंडी कपाटाचा! आणि पलीकडे कुंड्यांना पाणी घालणारे काका आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. का बरं?

"दादा, प्लास्टिकसमोर उभं करून अख्खा वर्ग मला हसणार रे!"

"मग टिचकी मारून बघ!"

मी चिखलातून रांगत निघाले. पक्षी ढिम्म! डोळा म्हणजे निव्वळ शर्टाचं बटण. माझी खात्रीच पटली. ऐटीत उठले, टिचकीसाठी बोट वाकवलं...

"क्रॅऽऽक!"

दहा छत्र्या एकदम उघडाव्यात तसे पंख उघडले! मी डोळे गच्च मिटले आणि चिखलात फतकल मारली. डोळे उघडते तो आकाश रिकामं आणि काठावर अख्खा वर्ग!

"मान कशी होती?" सर ओरडले.

"माझी की त्याची, सर?"

दादा पोट धरून हसत बसलेला. वर्ग पक्षी सोडून मलाच बघत होता.

"बिचारा तासभर एका माशासाठी उभा होता," काका हळहळले. "मी कौतुकाने बघत होतो, पोरगी किती धीराची म्हणून!"

सरांनी मंडळाची वही उघडून नोंद केली. पक्ष्याचं नाव: कळले नाही. पक्ष्याला असलेले धोके: मांजर, भटकी कुत्री. आणि त्याखाली, लाल शाईने: नववी ब, हजेरी क्रमांक सतरा.

बाकी सरांचं अक्षर सुरेख आहे हं!