संगणकाचा हयातीचा दाखला

आमच्या मोतीबाग कॉलनी ज्येष्ठ नागरिक संघाचा संगणक गेल्या सप्टेंबरपासून सुरू होण्यास टाळाटाळ करू लागला, ही बाब कार्यकारिणीच्या निदर्शनास आली. संघाचा सचिव या नात्याने पुढील घडामोडींची हकिगत सांगणे माझ्याकडे आले आहे. अमरावतीत बोलणाऱ्यांची तोंडे धरता येत नाहीत आणि संघाने हा प्रश्न नीट हाताळला नाही, असे काही जण आता उघड म्हणू लागले आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. हा प्रश्न जितका हाताळला गेला, तितका आमच्या शहरात दुसरा कुठलाच हाताळला गेला नसेल.

प्रथम संगणकाचे महत्त्व. वर्षातले अकरा महिने त्याच्यावर अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी विणलेला रुमाल असतो आणि रुमालावर वर्तमानपत्रांची रद्दी असते. नोव्हेंबरात मात्र तो लागतो. दर नोव्हेंबरात पेन्शनरांनी आपण हयात असल्याचे सरकारला कळवायचे असते. संगणकाला जोडलेल्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. यंत्राला अंगठा पटला की माणूस पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत. महिनाअखेरपर्यंत पटला नाही तर पेन्शन थांबते. पूर्वी हे काम बँकेत होत असे. तिथे रांगेत सदस्यांची दमछाक होते म्हणून संघाने बँकेला पत्र दिले, की आमच्या सदस्यांची सोय आम्ही करू, आपण त्रास घेऊ नये. संघाचे आजवर तातडीने मान्य झालेले हे एकच पत्र. तेव्हापासून आमच्या कॉलनीचे कोणी गेले की बँक त्याला संघाकडे परत पाठवते.

या सोयीची सर्वांत जास्त गरज माणिकबाई तायडे यांना. त्यांचे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यापासून बाईंचे सगळे फॅमिली पेन्शनवर चालते; खोलीचे भाडे त्यातून आणि बीपीच्या गोळ्याही त्यातूनच. जन्मभर मळ्यात निंदण करून आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. त्यामुळे दर वर्षी यंत्र त्यांना नाकारते. मग कोमट पाण्याने हात धुवायचे, खोबरेल लावायचे, पुसायचे आणि पुन्हा अंगठा ठेवायचा. संध्याकाळपर्यंत कधीतरी यंत्राला दया येते आणि बाई हसत घरी जातात.

संगणकाची तपासणी करण्यासाठी आमचे खजिनदार महादेवराव ढोले यांनी आपल्या भाचीला बोलावले. दामिनी अकोल्याला जुन्या शहरात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवते. तिने पेटी उघडली, फुंकर मारली, सगळ्यांना शिंका आल्या आणि तिने निदान सांगितले.

"काकाजी, हा म्हातारा झाला. सकायी सुरू व्हायले अर्धा तास घेते. तारीख याले आठवत नाई. कामाच्या मधातच अडकून पडते. जरासं जास्त सांगतलं का तापते. आवाज तं असा करते का बाजूच्या खोलीत कोणाले झोप येणार नाई. अन् नवीन काही शिकवाले गेलं तं घेतच नाई. बदलून टाका."

सभागृहात जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. अध्यक्ष किसनराव गावंडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि संघाच्या स्थापनेपासून अध्यक्ष आहेत. सकाळी त्यांचे गुडघे सुरू व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, आणि त्यांच्या घोरण्यामुळे सूनबाईंनी खोली बदलल्याचे कॉलनीत सर्वांना ठाऊक आहे. महादेवरावांना तारीख आठवत नाही. इतिवृत्त वाचताना मी स्वतः कधीकधी मधेच थांबतो आणि मला हलवावे लागते.

"हे तू कोणाबद्दल बोलून राहिली?" अध्यक्षांनी विचारले.

"संगणकाबद्दल, काकाजी."

"मंग तसं नाव घेऊन बोलत जा."

इथे ललित बोंडे उठले. ललितराव आमच्यातले तरुण नेतृत्व. त्यांना निवृत्त होऊन जेमतेम चार वर्षे झाली आहेत आणि अध्यक्षपदाकडे त्यांचे लक्ष असते. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मले वाटते, दामिनी म्हणते ते बरोबर हाये. जो उशिरा सुरू होते, विसरते अन् नवीन घेत नाई, त्याले बदलाचं. फक्त नियम केला तं तो सगळ्यांले सारखा पाह्यजे." हे बोलताना ते संगणकाकडे पाहत नव्हते. अध्यक्षांच्या खुर्चीकडे पाहत होते.

त्या क्षणी संगणकाचे भवितव्य आणि अध्यक्षांचे भवितव्य एक झाले. किसनरावांनी तातडीने ठराव मांडला: 'केवळ वय झाले या कारणास्तव संघातील कोणतीही वस्तू, व्यक्ती अथवा पदाधिकारी बदलण्यात येऊ नये.' ठराव एकमताने मंजूर झाला. ललितरावांनीही हात वर केला, कारण त्यांनाही कधी ना कधी अध्यक्ष व्हायचे आहे आणि झाल्यावर राहायचे आहे.

माणिकबाई तेवढ्या मागून बोलल्या, "बदला ना बापा. नव्यावर डोयानं ओयखते म्हणते ही पोरगी. माहा अंगठा तं झिजून गेला." परंतु फॅमिली पेन्शनवाले आमच्याकडे सहयोगी सदस्य असतात. त्यांना चहा मिळतो, मत मिळत नाही.

बदलणे बाद झाल्यावर सुधारणा उरली. यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. महादेवरावांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या आहेत. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "माह्यात नवीन सामान टाकलं, मले तं नाई ना बदललं? याच्यातही टाका." किसनराव तीन वर्षांपासून गुडघ्याचे ऑपरेशन टाळून गोळ्यांवर आहेत. त्यांचे म्हणणे, "एकदा उघडलं का पयल्यासारखं होत नाई. होते तवर असंच चालू द्या." दामिनीने मधे पडून सांगितले, की नवीन मेमरी आणि डिस्क टाकली तर तो पळेल, पण हयातीचा नवा प्रोग्रॅम या मशीनवर चढणारच नाही. तिचे बोलणे कोणाला फारसे आवडले नाही. डॉक्टरने इतके स्पष्ट बोलू नये, असे महादेवराव नंतर मला म्हणाले.

अशा वेळी अमरावतीचा सुज्ञ माणूस जे करतो तेच आम्ही केले. सेकंड ओपिनियनसाठी केस नागपूरला न्यायची ठरली.

अध्यक्षांच्या मुलाने एसी गाडी दिली. मागच्या सीटवर उशा लावून संगणक मधोमध बसवला. एका बाजूने अध्यक्षांनी धरला, दुसऱ्या बाजूने महादेवरावांनी. पुढे चालकाशेजारी मी, मांडीवर संगणकाचा पडदा, पडद्यावर जेवणाचा डबा. गाडी निघताना माणिकबाई फाटकाशी आल्या. बँक वाटेतच लागते. "जाता जाता मले बँकेपाशी सोडता का? संघाचं मशीन गेलं म्हणून सांगतो मी त्याहिले, घेतील तं घेतील," त्या म्हणाल्या. आम्ही गाडीत नीट पाहिले. जागा नव्हती. खड्ड्यात संगणकाला धक्का बसला तर जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न होता.

"तुमी काहून चिंता करता, बाई?" अध्यक्ष खिडकीतून म्हणाले. "याले बरा करूनच आणतो. मंग पयला अंगठा तुमचाच."

बाईंनी ते खरे मानले.

नागपूरच्या तज्ज्ञांनी संगणकाला निरीक्षणाखाली ठेवून घेतले. मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी 'प्रकृती स्थिर' असे कळवत असे. सदस्य आळीपाळीने भेटायला जात. जाताना शेंदूरजनाघाटची संत्री नेत. ती तिथले कर्मचारी खात. इकडे नोव्हेंबर चालला होता. माणिकबाई रोज संध्याकाळी सभागृहात येऊन रिकाम्या टेबलाकडे बघून जात. शेवटी तज्ज्ञांनी आपले मत दिले. ते दामिनीच्याच मताशी तंतोतंत जुळत होते, पण इंग्रजीत होते. त्यामुळे आम्हाला ते प्रथमच पटले. परंतु ठराव झालेला असल्याने बदलता येत नव्हते. तेव्हा तज्ज्ञांनी, आलाच आहात तर म्हणून, तारीख लक्षात ठेवणारा लहानसा सेल तेवढा बदलून दिला.

संगणक परतला त्या दिवशी सभागृहाच्या दारात त्याला ओवाळले. शाल आणि नारळ दिला. संघाच्या लेटरहेडवर तयार केलेला दाखला मी वाचून दाखवला: 'सदर संगणक आमच्यासमोर समक्ष हजर असून तो हयात आहे व संघाच्या सेवेस योग्य आहे.' मग बटण दाबले. अर्ध्या तासाने पडदा उजळला. इतक्या वर्षांत प्रथमच त्याने तारीख अचूक दाखवली. एक डिसेंबर. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर दिसले, की माणिकबाई खोबरेलाची बाटली घेऊन टेबलाजवळ उभ्या आहेत. हात धुऊन आल्या होत्या.

"बाई, तारीख तं काल संपली," ललितराव म्हणाले.

"मंग तुमचं सगळ्याइचं कसं झालं?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. तरीही माहितीसाठी सांगतो, की कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांचे दाखले नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आपापल्या मुलांच्या मोबाइलवर झाले होते. चेहरा दाखवायचा असतो. माझ्या सूनबाईंनी फोन धरला, म्हणाल्या, "बाबा, डोळे मिचकावा," मी मिचकावले आणि झाले. संघाची सोय ज्यांना अन्य सोय नाही त्यांच्यासाठी आहे. माणिकबाईंचा फोन बटणांचा आहे.

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे हा डबा जित्ता, तुमी जित्ते, अन् मी मेली?"

"असं कसं म्हणता? रेकॉर्डपुरतंच हाये ते," अध्यक्ष म्हणाले.

"गोया मी रेकॉर्डपुरत्या नाई खात, भाऊ." त्यांनी संगणकाकडे बोट केले. "याले दाखला लिहून देल्ला ना तुमी? समोर हाये म्हून? मी का मांगं हाओ? मलेही लिहून द्या."

मागणी तर्काला धरून होती, हे मान्य करावे लागेल. कार्यकारिणीने त्यावर सविस्तर चर्चा केली. परंतु संघाला आपल्या मालमत्तेचा दाखला देता येतो, माणसाचा देता येत नाही. प्रकरण उपसमितीकडे सोपवण्यात आले. बाईंनी बाटलीचे झाकण लावले आणि त्या निघून गेल्या. दारात ठेवलेले ओवाळणीचे ताट त्यांनी वाकून बाजूला सरकवले, कोणाचा पाय पडू नये म्हणून.

बँकेत चौकशी केली तेव्हा कळले, की एकदा पेन्शन थांबली की इलाज एकच: बाईंनी स्वतः तिथे हजर व्हायचे. त्यांच्याने ऑटोत चढवत नाही, आणि एकटीला पाठवणे बरे दिसत नाही. तेव्हा सचिव म्हणून मी विलंब न लावता गटावर निरोप टाकला: 'माणिकबाईंना एक दिवस बँकेत नेऊन आणायचे आहे. कोणाची गाडी मिळेल का?'

प्रतिसाद भरघोस आला. सर्वांनी अंगठा पाठवला. कॉलनीतून आला, पुण्याहून आला, मुलाबाळांकडे परदेशी गेलेल्यांकडूनही आला. गाडी अजून कोणाची आलेली नाही, पण अंगठे हे लिहीत असतानाही येत आहेत. सगळे पहिल्याच खेपेला उमटले, एकालाही खोबरेल लावावे लागले नाही. तुमचाही मिळाला. संघ आपला आभारी आहे.