स्तमाती पहारेकरी यांचे शिंगाचें वर्तमान

श्री. राखणारास नमन, पळणारास दोन वेळां नमन. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरीं, भूमध्य समुद्रांतील एका बेटीं जें घडलें तें साद्यंत ऐसें कीं, तेथें एक गांव समुद्राकडे पाठ करोन वसलेला, पाण्याचे बाजूस एकही खिडकी नाहीं, कारण पूर्वीं चांचे येत आणि माणसें धरोन नेत. मग वडिलांनीं डोंगरमाथां बुरूज बांधिला, शिंगवाला नेमिला, आणि शीड दिसतांच शिंग वाजावें, शिंग वाजतांच अवघ्यांनीं शेळ्या घेऊन वर पळावें, ऐसा शिरस्ता घातला. पुढें तीन पिढ्या चांचे फिरकले नाहींत, परंतु शिरस्ता शूर, तो हटला नाहीं. गांवचीच होडी बाजार करोन परतली तरी शिंग वाजे, आणि होडींतील मंडळीही आपणांसच भिऊन डोंगरीं पळत. यास गांव पराक्रम म्हणे.

ते समयीं शिंगाची मनसब राजश्री स्तमाती यांजकडे होती. छाती भात्यासारखी, मिजास सरदाराची, आणि जीव सगळा एकुलत्या कन्येवर. कन्येचें नांव मारुला. तिणें पलीकडील बेटाचे जत्रेंत लेफ्तेरी नामें होड्या बांधणारा तरुण पसंत केला. तो दोन वेळां वऱ्हाड घेऊन आला, दोन्ही वेळां शिंग वाजलें, दारांस कड्या, गांव ओस, आणि वऱ्हाडी एका म्हाताऱ्या कुत्र्यास रामराम करोन परतले. मग त्याणें निरोप धाडिला कीं, रविवारीं येतों, याही खेपेस कोणी न भेटे तर सोयरीक मोडली.

कन्या बापाचे पायां पडोन बोलिली, "बाबा, आज शिंग फुंकाल तर मज जन्मभर घरींच पोसा." स्तमातींस गहिंवर आला. "नाहीं फुंकीत, पोरी," ऐसें वचन दिधलें. गांवचे मुकादम, नांव यानी, त्यांणींही हुकूम केला कीं आज कोणी पळूं नये. मग तोरणें लागलीं, कोंकरूं भाजावयास ठेविलें, नवरी नटोन उभी राहिली, आणि स्तमाती बुरुजावर चढले.

शीड दिसलें. स्तमाती मनांत म्हणाले, जांवई येतो. मग म्हणाले, जांवईच कशावरून? चांचे काय सांगोन सवरोन येतात? आणि हात शिंगास गेला आणि छाती भरली आणि मग जें फुंकलें तें ऐसें कीं वाजंत्री, जमलेली मंडळी, अर्धकच्चें कोंकरूं, अवघें डोंगरीं पोहोंचलें. मुकादम सर्वांचे पुढें.

मारुला मात्र खालीं उतरली, आपले पायीं होडींत चढली, आणि मागें वळोन पाहिलें नाहीं.

वर एकच आकांत जाहला, "चांच्यांनीं पोर नेली!" मुकादमांनीं स्तमातींस मिठी मारिली, म्हणाले, "तुमचें शिंग होतें म्हणोन गांव वांचला. चांचेच ना ते?" स्तमातींनीं तर बुरुजावरोन दोन खेपा पाहिलेल्या लेफ्तेरीस होडींत ओळखिलें होतें. नाहीं म्हणावें तर आज्यापासोनचें फुंकणें आणि गांवाचें पळणें, सारेंच हसें होतें. "चांचेच," ऐसें बोलोन ते बुरुजाआड बसले आणि लेकीसाठीं ढसढसां रडले. गांवानें ते वीराचे अश्रू मानिले.

सारांश, शिरस्ता खरा ठरला, बुरूज एक मजला वाढला. तेव्हांपासोन शिंग वाजलें म्हणजे गांव वर पळतो, आणि उपवर मुली नटोन खालीं धांवतात.