मदिन्याची खजूर

हाजी अब्दुल गनींच्या अंगणातल्या खजुरीच्या रोपाला पाणी घालायला रोज कुणी ना कुणी येई, आणि जाताना गनींना सलाम करी. प्रत्येक सलामाबरोबर गनींची मान आणखी खाली जाई. "हज करून आल्यापासून गनीभाई कसे नरमले पाहा," असं बोरी अरब गावात सगळे म्हणत. ही नम्रता नसून लाज आहे, हे एकट्या गनींना ठाऊक होतं.

गनी टिनाचं काम करीत. बादल्या, गाळण्या, कंदिलाच्या टाक्या. हाताला कसब होतं, जिभेला लगाम नव्हता. हजला निघताना गावानं हार घातले, तेव्हा ते बोलून गेले, "मदिन्याहून खजुरीचं रोप आणतो! पहिला घड अख्ख्या गावाले!"

आणि त्यांनी रोप खरोखर घेतलंही होतं. एका बागवानाच्या विनवण्या करून खजुरीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू मिळवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि बोटीवर आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजत मुंबईपर्यंत आणलं. माशी शिंकली ती मुंबईच्या गोदीवर. तिथे झाडं तपासणारा एक चष्मेवाला अधिकारी बसला होता.

"हाजीसाहेब, परवान्याशिवाय परदेशातलं झाड आत नेता येत नाही."

"पण साहेब, हे मदिन्याचं हाय!"

"असेल. पण किडीला गाव कुठे कळतं? ती बुडाशी लपून येते आणि मग इथली झाडं खाते."

असं म्हणून त्यानं रोप जाळायला पाठवलं आणि पोतं मात्र घडी करून परत दिलं. सरकार प्रामाणिक होतं.

आता गावाला काय सांगायचं? जे झालं ते सांगायचं, असं गनींनी आगगाडीत पक्कं ठरवलं होतं. पण दारव्ह्याहून निघालेली मोटार गावाअलीकडच्या नाल्यापाशी तापून बंद पडली. गनी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला उतरले, तर काठावरच्या मोठ्या शिंदीच्या बुडाशी तिची पिल्लं उभी. शिंदी म्हणजे खजुरीची रानातली बहीण. लहानपणी दोघींत फरक कळत नाही. गनींनी पिल्लाकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या पोत्याकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून छत्रीच्या टोकानं ते उकरायला लागले.

गावात उतरताच माणसांनी गराडा घातला. खरं सांगायला गनींनी तोंड उघडलं की कुणीतरी त्यात पेढा कोंबे. शेजारच्या नानाजींनी तर पोतं स्वतःच्या डोक्यावर घेऊन मिरवत घरी आणलं. नानाजी म्हणजे गावातलं मोठं माणूस. गनींच्या भिंतीपलीकडे त्यांची संत्र्याची बाग, शिवाय गावच्या दारूबंदी समितीचे ते अध्यक्ष. रोपासाठी खड्डा त्यांनीच खणला.

पुढचा घोटाळाही नानाजींच्या मायेनंच झाला. रोप वाढेना, म्हणून बाजाराच्या दिवशी त्यांनी दारव्ह्याला शेतकी अधिकारी पुंडलिकरावांना गाठलं आणि विचारलं, "मदिन्याच्या खजुरीले कोनतं खत देऊ साहेब?"

दुसऱ्याच दिवशी गनींच्या दारात जीप उभी राहिली. मागून शिपाई उतरला, हातात रॉकेलचा डबा.

"हेच का ते अरबस्तानातलं झाड?" पुंडलिकरावांनी विचारलं. "तपासणी न होता आलंय. उपटून जाळावं लागेल."

जमलेल्या गावानं हाय खाल्ली. गनींचा चेहरा मात्र खुलला. सुंठीवाचून खोकला जात होता!

"जाळा साहेब, जाळा! कायद्यापुढं कोन हाय!" म्हणत ते फावडं आणायला धावले.

"थांबा, एवढ्यावर भागत नाही. भिंतीपलीकडे संत्री दिसतात. त्या बागेतलं एक फळही वर्षभर बाहेर जाणार नाही. कीड सापडली तर झाडंही तोडावी लागतील."

नानाजी मटकन खाली बसले. बहार झाडांना लगडलेला होता. तरी त्यांच्या तोंडून गनींना दोष देणारा शब्द निघाला नाही. उलट गनींकडे पाहून ते म्हणाले, "तुमची का चूक, गनीभाई? तुमी तं गावासाठी आणलं."

या वाक्यानं गनी पुरते मोडले. त्यांनी फावडं टाकलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, ही खजूर नाही. शिंदी हाय. अस्सल झाड मुंबईलेच जाळलं. हे मी नाल्यावरून उपटून आणलं. गावापुढं नाक जाईल म्हून खोटं बोललो."

गर्दीतल्या बेबीताईंनी पदरानं डोळे पुसले.

"पाहा बाप्पा! शेजाऱ्याची बाग वाचवाले हाजीसाहेब सोताच्या डोक्यावर पाप घेऊन राह्यले!"

"नाही हो ताई! मी खरं सांगून राह्यलो!"

"असा माणूस भेटनार नाही," मागून कुणीतरी म्हणालं. दोघा-तिघांनी पुन्हा सलाम केला.

पुंडलिकराव म्हणाले, "हाजीसाहेब, तुमचं मन मोठं आहे, पण मला पुरावा लागतो. ही शिंदीच आहे असं इथे कुणी सांगू शकेल?"

गावात शिंदी ओळखणारे, तिचा आंबलेला रस चाखलेले थोडेथोडके नव्हते. पण सरकारी जीपसमोर, दारूबंदीच्या दिवसांत, शिंदीशी ओळख कोण दाखवणार? कुणी आभाळाकडे पाहू लागलं, कुणाला घरचं काम आठवलं. आयुष्यात एकदा खोटं बोलले तर सगळ्यांनी मानलं. आता खरं बोलत होते तर एकही माणूस ऐकत नव्हता.

शेवटी नानाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी एकदा आपल्या संत्र्यांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"साहेब, शिंदीच हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"नाल्याच्या वळणावर मोठी शिंदी हाय. तिच्या बुडचं एक पिल्लू मधातच गायब झालं. उकरल्याचा खड्डा मी पाह्यला. मले वाटलं, रानडुकरानं केला."

"तुम्ही जाता त्या शिंदीकडे?"

"जातो ना. संध्याकाळचा. हवा खायले."

गर्दीतून त्यांची बायको इंदूबाई पुढे आली. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "हवा मडक्यात भेटते काय हो तठी?"

दारूबंदी समितीच्या अध्यक्षांची मान अशी काही खाली गेली, की शेजारी उभ्या गनींना आपली मान बरी वाटली.

पुंडलिकराव जीप घेऊन नाल्यावर गेले. त्यांनी खड्डा पाहिला, रोपाच्या बुडाची माती पाहिली आणि खात्री करून घेतली. वर लटकलेलं मडकंही पाहिलं, पण ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं. रॉकेलचा डबा भरलेलाच परत गेला.

अंगणातून लोक हसत हसत पांगले. सलाम कुणी केला नाही. गनींनी फावडं उचललं आणि रोपाच्या बुडाशी घालणार, तोच त्यांची बायको जैबुनबी आतून म्हणाली, "राहू द्या जी. बरे झाडू होतात त्याच्या पानाचे. मी माहेरी बांधत व्हती."

गनी दाराकडे वळले. "म्हंजे, तुले मालूम व्हतं?"

"पोतं सोडलं तवाच."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलान, म्हून वाट पाहून राह्यली व्हती."

गनींनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून नानाजींचा दबका आवाज आला.

"भाभी, झाडू बांधसान तं एक आमच्या घरीबी द्या."

"काहून? नवाच तर आणला व्हता इंदूबाईनं."

"होय," नानाजी पाठ चोळत म्हणाले, "थो आताच मोडला."